पॉलिशचा वास

"जीभ वर करा."

मिस्त्रींनी जीभ वर केली. दाराला साखळी लावलेलीच होती. वीतभर फटीतून मुलीचा एक डोळा, अर्धं कपाळ आणि पाण्याचा ग्लास धरलेला हात एवढंच दिसत होतं. लहान पोराने माती खाल्लीय का ते बघावं, तसं तिने वाकून त्यांच्या तोंडात पाहिलं.

"झालं," ती म्हणाली. ग्लास आत गेला आणि दार लागलं.

मिस्त्री जरा वेळ तिथेच उभे राहिले. आतून नळाचा आवाज आला, ग्लास विसळल्याचा आला, मग तिच्या चपलांचा. एवढं ऐकून झालं की ते जिना उतरायचे. घरचं माणूस दिवसभरात त्यांच्याशी बोलायचं ते एवढंच. पण तेवढ्यासाठी ते भल्या पहाटे उठून दाढी गुळगुळीत करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि चालत यायचे. वाटेतला वर्तमानपत्रवाला चेष्टेने म्हणायचा, "काय मिस्त्री, मुलगी बघायला निघालात का?" मिस्त्री म्हणायचे, "हो ना, रोज तीच बघतो."

मिस्त्री फर्निचरला पॉलिश करायचे. चपडी म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे. ते स्पिरिटमध्ये भिजत घालायचे, विरघळले की गाळून घ्यायचे आणि मलमलीच्या बोळ्याने लाकडावर एकावर एक हात चढवत जायचे. हात म्हणजे पॉलिशचा एक थर. मशीनच्या फवाऱ्याने पॉलिश मारणारे पोत्याने मिळतात, पण हाताने असं काम करणारे आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. मिस्त्रींनी पॉलिश केलेल्या कपाटात बघून लोक भांग पाडतात, असं कारखान्याचे मालक गिऱ्हाइकांना सांगायचे. त्यात थोडं तिखटमीठ होतं, पण फार नाही.

आणि मिस्त्री प्यायचे. दिवसभर स्पिरिटचा वास अंगाला असल्यामुळे सुरुवातीची कित्येक वर्षं ते कोणाच्या लक्षातच आलं नाही. कोणी नाक मुरडलं की मिस्त्री शांतपणे सांगायचे, "पॉलिशचा वास आहे." हे एकच वाक्य त्यांनी आयुष्यभर वापरलं. मुलीच्या शाळेत वापरलं, व्याह्यांसमोर वापरलं, बायकोला अखेरचं दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या नर्सलाही तेच सांगितलं. मुलगी शेजारी उभी होती. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली, आणि पुढे बोलायला लागली ती 'अहो-जाहो'त.

मागच्या वर्षी मिस्त्री कारखान्याच्या फाटकातच आडवे झाले, तेव्हा मालकांनी त्यांना इस्पितळाच्या व्यसनमुक्ती विभागात नेऊन घातलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी अंगातलं विष उतरवलं, मग समोर बसवून गोळीचं सांगितलं.

"ही गोळी पोटात असताना थेंबभर जरी घेतलीत, तरी तोंड लालबुंद होईल, छाती धडधडेल, उलट्या होतील. जिवावरही बेतू शकतं. म्हणून समजून-उमजून घ्यायची. दाढीनंतर लावायचं पाणी, अत्तर, खोकल्याचं औषध, सगळं आम्हाला विचारून. आणि गोळी रोज दुसऱ्याच्या हातून घ्यायची. एकट्या माणसाची गोळी आज ना उद्या चुकते. घरी कोण आहे?"

मिस्त्रींनी बराच वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"मुलगी आहे," ते म्हणाले. "घरी नाही. पण आहे."

मुलगी चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती, नवऱ्याची बदली लांब झालेली, त्यामुळे घरात एकटीच. तिने सगळं ऐकून घेतलं. "गोळी देईन," ती म्हणाली. "घरात घेणार नाही." मिस्त्रींना तेवढं पुष्कळ होतं.

गोळीइतकंच महत्त्वाचं काम, असं डॉक्टर म्हणायचे, ते दर आठवड्याला ताईंकडे जाऊन बोलायचं. ताई म्हणजे तिथल्या समुपदेशक. वयाने मुलीपेक्षाही लहान, पण मिस्त्री त्यांना ताईच म्हणायचे. गोळी फक्त दारावर पहारा देते, घरात काय चाललंय ते तुम्हालाच बघावं लागेल, असं ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"संध्याकाळी काय करता?" ताईंनी विचारलं.

"बसतो."

"कोणाबरोबर?"

"ताई, ज्यांच्याबरोबर बसायचो ते सोडायलाच तर तुमच्याकडे आलोय ना."

ताई हसल्या, मिस्त्रीही हसले. मग हसू ओसरलं आणि मिस्त्री खाली बघून म्हणाले, "दारूला माणसं आपोआप जमतात, ताई. चहाला बोलवावं लागतं. आणि बोलवायला तोंड कुठे ठेवलंय मी?"

कारखान्याच्या मागे लाकडाच्या वखारीवर त्यांची एक खोली होती. संध्याकाळी मिस्त्री तिथे दिवा लावून बसायचे. पिण्याची तलफ यायची आणि जायची. ती गेली की जे उरायचं ते जास्त अवघड होतं. शेजारच्या खोलीतला माणूस भांडी घासत गुणगुणायचा. मिस्त्री भिंतीला टेकून त्याचं ऐकायचे आणि सकाळची वाट पाहायचे.

अशात एके दिवशी दार उघडलं ते साखळी न लावता.

गोळी झाली, जीभ वर करून झाली, पण दार लागलं नाही. मुलगी उंबऱ्यात उभी होती. "आईचं टेबल," ती म्हणाली. "तसंच आहे अजून. पावडर कसली तरी पडते त्याच्यातून. सुट्टीच्या दिवशी येऊन बघाल का?"

ते टेबल मिस्त्रींना चांगलं ठाऊक होतं. लग्नानंतर बायकोने कोरं, बिनपॉलिशचं विकत आणलं होतं. दुकानदार म्हणाला पॉलिश करून देतो, तर ती तोऱ्यात म्हणाली होती, "नको, आमच्या घरात मिस्त्री आहे." घरातल्या मिस्त्रीने ते आज करतो, उद्या करतो म्हणत कधीच केलं नाही. त्यावर तेल सांडलं, शाई सांडली, पोरीने कर्कटकाने नाव कोरलं. बायको गेली, टेबल कोरंच राहिलं.

"बघतो की," मिस्त्री म्हणाले. जिना उतरताना त्यांच्या पायांना जमीन लागत नव्हती.

सुट्टीच्या दिवशी मिस्त्री सामानाची पिशवी घेऊन हजर झाले. मुलीने त्यांना टेबलाच्या खोलीत नेलं, चहा दिला. दुकानात चष्म्यांचा नवा माल लावायला तिला जावं लागणार होतं. दारात ती घुटमळली.

"मी दुपारपर्यंत येते. बाबा…"

"घरात काही आणणार नाही, आणि घराबाहेर जाणार नाही," मिस्त्री म्हणाले. "तुझ्या आईच्या टेबलाची शपथ."

ती हसली नाही, पण थांबलीही नाही. दार ओढून गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने त्यांना घरात एकटं सोडलं होतं.

मिस्त्रींनी काचकागदाने टेबल घासायला घेतलं. शाई गेली, तेलाचा डाग बराचसा गेला. कोरलेल्या नावावरून मात्र त्यांनी हात हलकेच फिरवला, ते त्यांना घालवायचं नव्हतं. मग पावडर पडत होती ती किडीची भोकं लाखेने बुजवली, भुसा झाडला, ओल्या फडक्याने खोली पुसली आणि पॉलिशला बसण्यापूर्वी जन्मभर जे करत आले तेच केलं. पंखा बंद केला आणि सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. ओल्या पॉलिशवर धुळीचा कण बसला की तो कायमचा बसतो. कारखान्यातल्या पत्र्याच्या शेडला तीन बाजूंना भिंतीच नव्हत्या. तिथे गिऱ्हाईक धुळीवरून कुरकुर करायचं आणि मिस्त्री कपाळाला हात लावायचे. इथे खोली बंद करता येत होती. हे टेबल ते असं करणार होते की बायकोनेही नाव ठेवू नये.

बोळा भिजवला. पहिला हात लाकूड पिऊनच टाकतं, तो दिसत नाही. दुसऱ्या हाताला रेषा उठायला लागल्या. मिस्त्री वाकून, नाक टेबलाला लावून काम करत होते. अर्ध्या टेबलावर तांबूस झाक आली. तेवढ्यात त्यांना कान गरम झाल्यासारखे वाटले.

आधी वाटलं, खोली बंद आहे म्हणून उकडतंय. मग छाती धडधडायला लागली. घशापर्यंत ठोके येत होते. मिस्त्री उठायला गेले तर खोली फिरली. समोरच्या कपाटाच्या आरशात त्यांनी आपलं तोंड पाहिलं. लालबुंद, डोळे तांबारलेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं अगदी तसंच. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. मी प्यायलो की काय, हा विचार पहिला आला. नकळत प्यायलो? कधी? त्यांनी चहाचा कप उचलून हुंगून पाहिला.

मोरीपर्यंत पोचता आलं नाही. दारातच उलटी झाली. दुसरी झाली. भिंतीला धरून ते कसेबसे बाहेरच्या खोलीत आले आणि जमिनीवर बसले. श्वास पुरत नव्हता. हळूहळू ठोके जरा निवले, पण उभं राहण्याचं त्राण आलं नाही. किती वेळ गेला ते त्यांना कळलं नाही. कुलपात किल्ली फिरली.

मुलगी दारात उभी राहिली. तिने ओकारी पाहिली, लाल तोंड पाहिलं. मग तिच्या नाकात स्पिरिटचा वास शिरला.

"वाटलंच होतं मला," ती हळूच म्हणाली.

"पोरी, ऐक. मी काही…"

"काय आहे मग हे?"

मिस्त्रींनी तोंड उघडलं. सांगण्यासारखं त्यांच्यापाशी एकच वाक्य होतं आणि ते खरं होतं. पण ते ओठांवर आलं आणि तिथेच अडकलं. आजवर शंभरदा त्यांनी ते तिच्या तोंडावर फेकलं होतं. आता नवीन कुठून आणणार?

"पॉलिशचा वास आहे," ते म्हणाले.

मुलीचा चेहरा असा झाला, की त्यांना ते वाक्य परत गिळावंसं वाटलं.

"माझ्या घरात," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "आईच्या टेबलापाशी बसून प्यायलास तू. एक दिवस विश्वास टाकला रे मी तुझ्यावर. एक दिवस!"

कितीतरी वर्षांनी ती त्यांना 'तू' म्हणाली होती. अशा वेळीही ते मिस्त्रींच्या कानांना जाणवलं, आणि त्यांना रडू आलं. तिने ते दारूचं रडू समजलं. तिने त्यांना पाणी दिलं, दंडाला धरून उठवलं, रिक्षात बसवलं. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला. ती वाईट वागली असं कोणी म्हणू नये. तिने दार लावलं एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री मुलीकडे गेलेच नाहीत. सरळ इस्पितळात जाऊन ताईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले. ताईंनी सगळं ऐकलं आणि त्यांना तडक डॉक्टरांकडे नेलं.

"तुम्ही तर फर्निचरचं काम करता म्हणाला होतात," डॉक्टर म्हणाले.

"पॉलिश. स्पिरिटमधलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मिस्त्री, स्पिरिट म्हणजे दारूच हो. बंद खोलीत त्याची वाफ छातीत गेली, ती या गोळीला पुरते. उघड्या शेडमध्ये इतके दिवस निभावलं हे नशीब. सांगितलं का नाहीत?"

मिस्त्रींनी सांगितलं नव्हतं ते भीतीने. दिवसभर स्पिरिटच्या डब्यापाशी बसतो म्हटलं तर हे लोक काम सोडा म्हणतील असं वाटलं होतं. आणि दुसरं म्हणजे, तो डबा त्यांना कधी दारू वाटलाच नव्हता. दारू वेगळी. हा माल होता. अत्तराच्या बाटलीपासून ते दहा हात दूर राहिले होते आणि मालात मात्र कोपरापर्यंत बुडालेले.

"म्हणजे मी प्यायलो नव्हतो," मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही प्यायला नव्हतात, असं मी मानतो," डॉक्टर म्हणाले. "आता तपासून कळण्यासारखं काही उरलेलं नाही."

ताईंनी मिस्त्रींच्या परवानगीने मुलीला फोन लावला. मिस्त्रींना फक्त ताईंचंच बोलणं ऐकू येत होतं. "हो… नाही, मी तिथे नव्हते… बंद खोली, हो, वाफेने… तुमचं म्हणणं समजतंय मला…" मग ताई बराच वेळ नुसत्याच ऐकत राहिल्या. फोन ठेवून त्या मिस्त्रींकडे वळल्या.

"काय म्हणाली?"

"सांगू?"

"सांगा. इथे खरं बोलायचं असं तुम्हीच शिकवलंत."

"म्हणाल्या, आईसुद्धा दारात आलेल्या माणसांना हेच सांगायची. पॉलिशचा वास आहे म्हणून. तीही शेवटपर्यंत पटवून द्यायची. मग मला म्हणाल्या, आता तुम्हीही तेच सांगताय."

मिस्त्रींनी मान हलवली. बायकोही असं सांगायची हे त्यांना आज पहिल्यांदाच कळत होतं. आपलं खोटं आपण एकट्यानेच ओढलं असं ते आजवर समजत होते.

डॉक्टरांनी जुनी गोळी बंद केली. तिचा अंमल अंगातून उतरायला वेळ लागतो, तोवर स्पिरिटच्या आसपास फिरकायचं नाही, मग कामाला लागा, खिडक्या उघड्या टाकून. रक्त तपासून त्यांनी दुसरी गोळी लिहून दिली. ही तलफेची धार कमी करते, वाफेशी हिचं भांडण नाही. ताईंकडे येणं मात्र आठवड्यातून दोनदा.

"आणखी एक," डॉक्टर म्हणाले. "हिच्यावर पहाऱ्याची तशी गरज नाही. तुमची तुम्ही घेऊ शकता. रोज एवढं चालत जायला नको."

चांगली बातमी द्यावी तसं ते म्हणाले. मिस्त्रींचा चेहरा उतरलेला ताईंनी पाहिला.

"पण कोणी दिली," मिस्त्रींनी विचारलं, "तर चालेल ना?"

"चालेल की. कोणी द्यायला असलं तर उत्तमच," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "मुलीला हे खरंखुरं सांगा. गोळीसाठी नाही, तुला बघायला येतो म्हणून."

"ताई, माझ्या तोंडून आलेलं खरं तिला ओळखू येत नाही," मिस्त्री म्हणाले. "तिचा दोष नाही त्यात."

तरी सकाळी पाय तिकडेच वळले. पहिल्या दिवशी ते इमारतीच्या खालूनच परत फिरले. दुसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यापर्यंत गेले, वरून कोणीतरी उतरण्याचा आवाज आला आणि चोरासारखे माघारी आले. कारखान्यात जायचं नव्हतं, त्यामुळे दिवस संपता संपेना. संध्याकाळी शेजारचा माणूस भांडी घासत गुणगुणायला लागला, तेव्हा मिस्त्री उठले, जिवाचा हिय्या करून त्याच्या दाराशी गेले आणि म्हणाले, "चहा टाकतोय. घेणार का?" तो माणूस फेसाळलेल्या हातांनी बघतच राहिला. मग म्हणाला, "घेऊ की. पण आज जायचंय एकीकडे. उद्या?" मिस्त्री म्हणाले, "उद्या." खोलीत येऊन त्यांनी एकट्याचाच चहा केला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नवी गोळी कागदात गुंडाळून खिशात टाकली आणि वरपर्यंत जिना चढले. दार ठोठावायचं, गरज नाही ते सांगायचं, आणि तरीही देशील का एवढंच विचारायचं, असं त्यांनी वाटेत घोकलं होतं.

दाराला बाहेरून कुलूप होतं. मुलगी लवकर गेली होती.

जिन्याच्या माथ्यावर, दाराशेजारच्या मोकळ्या जागेत टेबल उभं होतं. अर्ध्या भागावर तांबूस पॉलिश, अर्धं कोरं. जिन्याची मोठी खिडकी सताड उघडी होती. ती उघडी राहावी म्हणून तिच्या कडीला सुतळी बांधून गजाला ताणलेली होती. एवढं जड टेबल तिने कोणाला तरी हाताशी धरून बाहेर काढलं असणार. बंद खोलीचं ताईंनी सांगितलेलं तिने निदान ऐकून घेतलं होतं. पटलं असेल की नाही, ते मिस्त्रींना कळायला मार्ग नव्हता.

टेबलावर रोजचाच तो ग्लास होता, काठोकाठ पाण्याने भरलेला आणि वर बशी झाकलेली.

मिस्त्रींनी बशी काढून बाजूला ठेवली आणि ग्लास उचलला. ग्लास नेमका पॉलिश केलेल्या भागावर ठेवलेला होता. त्याच्या ओल्या बुडाने खाली पांढरं, गोल वळं उमटलं होतं. चपडीच्या पॉलिशला पाणी सोसत नाही. त्यांचा हात सवयीने खांद्यावरच्या फडक्याकडे गेला आणि फडकं नव्हतंच म्हणून रिकामा खाली आला. हा डाग स्पिरिटच्या एका हलक्या हाताने निघाला असता. पण स्पिरिटला अजून हात लावायचा नव्हता. आणि लावायची मोकळीक मिळाली, तरी हा डाग सगळ्यात शेवटी काढायचा असं त्यांनी ठरवलं. आपल्यासाठी कोणीतरी इथे पाणी ठेवलं होतं, याची तेवढीच खूण होती.

त्यांनी कागद उलगडून गोळी जिभेवर ठेवली आणि पाणी प्यायले. सगळं प्यायले. मग कुलूप लावलेल्या दाराकडे तोंड करून उभे राहिले, तोंड उघडलं आणि जीभ वर केली. ती वाकून बघायला जेवढा वेळ घ्यायची तेवढा वेळ ते तसेच थांबले.

मग रिकामा ग्लास बशीवर उपडा घालून ते जिना उतरले.